तीन सामने हरल्यावर कोचला नारळ द्यावा का?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाकडून फुटबॉल खेळणाऱ्या तरुणाने विचारलंय, की इंग्लंडमधले मोठे फुटबॉल क्लब मॅनेजरला (तिकडे मुख्य कोचलाच मॅनेजर म्हणतात) इतक्या सहज घरी का पाठवतात आणि ज्यांना पाठवतात त्यांची खरंच तेवढी चूक असते का. पुढे त्याने घरचाच प्रश्न जोडलाय. त्याच्या मंडळाचा संघ ओळीने तीन सामने हरलाय, रविवारी बैठक आहे आणि कोचला थांबवायचं असं बहुतेकांनी मनात धरलंय. त्याला स्वतःला ते पटत नाही, पण बैठकीत मांडायला मुद्दा सापडत नाही.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. "कोच बदला" असं म्हणताना आपण तीन गोष्टी एका दमात मान्य करून टाकतो: संघ खरोखर वाईट खेळतोय, तो कोचमुळेच वाईट खेळतोय आणि दुसरा कोच आला की सुधारेल. या तिन्हींची तपासणी वेगवेगळी करावी लागते. पहिली गोष्ट खरी असूनही दुसरी खोटी असू शकते. पहिल्या दोन्ही खऱ्या निघाल्या तरी तिसरी खोटी ठरू शकते, कारण येणारा माणूस जाणाऱ्यापेक्षा चांगला असेलच असं नाही. उत्तर परिस्थितीवरही अवलंबून आहे: हंगाम किती उरलाय, खेळाडू कोणी निवडले, सरावाला किती जण येतात, कोचला नेमताना काय सांगितलं होतं. हे न कळता बाहेरून कुणी छातीठोकपणे सांगू नये.

आधी मोठ्या क्लबांचं बघू. संघ हरायला लागला की संचालकांच्या हातात फार थोडे उपाय असतात. पंचवीस खेळाडूंचे करार तीन-चार वर्षांचे असतात, आणि खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनदाच होते, उन्हाळ्यात आणि जानेवारीत. ऑक्टोबरमध्ये बचावफळी कोसळली तर नवा बचावपटू आणता येत नाही. बदलता येईल असा एकच माणूस उरतो. शिवाय प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, वीस संघांतले तळाचे तीन खालच्या लीगमध्ये ढकलले जातात आणि त्याबरोबर दूरचित्रवाणीच्या पैशाचा मोठा वाटा जातो. त्या नुकसानीपुढे मॅनेजरची भरपाई किरकोळ वाटते. मँचेस्टर युनायटेडने ऑक्टोबर २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांना काढलं, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या सहाय्यकांना मिळून एक कोटी पौंडांहून थोडी जास्त रक्कम द्यावी लागली. आपल्याला डोळे फिरवणारा हा आकडा तिथे एका बऱ्या राखीव खेळाडूच्या किमतीइतका आहे. मॅनेजर काढणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जलद उपाय आहे म्हणून तो वापरला जातो. तो सर्वांत योग्य असतो म्हणून नव्हे.

आता संघ खरोखर वाईट खेळतोय का, हे कसं ओळखायचं ते बघू. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा क्रिकेट किंवा कबड्डीपेक्षा मोठा असतो. समजा तुमच्या संघाने एका सामन्यात बारा फटके मारले आणि प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता दहात एक होती. हिशोबाने सव्वा गोल व्हायला हवा. तरीही बारापैकी एकही आत न जाण्याची शक्यता शंभरात अठ्ठावीस आहे. म्हणजे इतकं बरं खेळूनही चारात एखादा सामना गोलाविना जाणार. आणखी एक हिशोब करा. शंभरात ४५ सामने जिंकणारा, २५ बरोबरीत सोडवणारा आणि ३० हरणारा संघ घ्या. हा चांगला, वरच्या फळीतला संघ झाला. अशा संघावरही ३८ सामन्यांच्या हंगामात कधीतरी ओळीने तीन पराभवांची वेळ येण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. कोचने काहीही न बिघडवता. तीन पराभव हा आकडा एकटा घेतला तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

म्हणून मोठे क्लब निकालाच्या जोडीला संधींची मोजणी ठेवतात. प्रत्येक फटका कुठून मारला, पायाने की डोक्याने, समोर किती बचावपटू होते, यावरून त्याला गुण देतात. पेनल्टीवर शंभरात पंचाहत्तर ते ऐंशी वेळा गोल होतो. पेनल्टी जिथून मारतात त्या ठिपक्याच्या आसपासून, खेळ चालू असताना मारलेल्या फटक्यावर ढोबळमानाने पंधरा-वीस वेळा. पेनल्टी क्षेत्राच्या (गोलसमोर आखलेल्या मोठ्या चौकटीच्या) बाहेरून जेमतेम तीन-चार वेळा. बाहेरून मारलेले दहा फटके प्रेक्षकांना आवडतात, पण ते सगळे मिळून जवळून मिळालेल्या एका मोकळ्या फटक्याएवढेच भरतात.

याचं ठळक उदाहरण बोरुसिया डॉर्टमुंड. २०१४-१५ च्या हंगामात १९ सामन्यांनंतर, म्हणजे फेब्रुवारीत, हा संघ जर्मन लीगमध्ये तळाला, अठराव्या क्रमांकावर होता. मॅनेजर होते युर्गेन क्लॉप. संधींची मोजणी मात्र तळाच्या संघासारखी मुळीच नव्हती. चेंडू आत जात नव्हता आणि समोरच्याचा प्रत्येक दुसरा फटका जात होता. क्लबने त्यांना काढलं नाही. संघ सातव्या क्रमांकावर आला. हंगाम संपल्यावर क्लॉप स्वतःहून बाहेर पडले, त्याच ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलला गेले आणि तिथे २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, आणि २०२० मध्ये इंग्लंडची लीग जिंकली. आर्सेनलचे मिकेल आर्टेटा असेच. दोन हंगाम ओळीने आठवा क्रमांक, आणि २०२१-२२ चे पहिले तीन सामने हरले तेव्हा गोल शून्य, खाल्लेले नऊ, संघ तळाला. तेव्हा त्यांना काढलं असतं तर बहुतेकांनी माना डोलावल्या असत्या. पुढे त्याच माणसाने ओळीने तीन हंगाम संघाला दुसऱ्या क्रमांकावर आणलं.

इथे कुणीही विचारेल, की मॅनेजर बदलल्यावर संघ जिंकायला लागतो हे तर आपण डोळ्यांनी बघतो, त्याचं काय? लागतो, हे खरं आहे. पण त्यातला मोठा भाग आपोआप होणारा असतो. मॅनेजरला काढतात ते संघ अगदी खोलात गेल्यावर. तिथून सर्वसाधारण खेळ झाला तरी आलेख वरच जातो. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या लीगचे १९८६ ते २००४ पर्यंतचे हंगाम तपासले. मॅनेजर बदललेल्या संघांशेजारी त्यांनी तसेच घसरलेले, पण मॅनेजर न बदललेले संघ ठेवले. दोन्हींची सुधारणा सारखीच निघाली. ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो आणि दुसऱ्या दिवशी बदललेल्या डॉक्टरला श्रेय मिळतं, तसं हे आहे.

इंग्लंडच्या लेस्टर क्लबचे मॅनेजर क्लॉडिओ रानिएरी यांचा विषय निघाला की आजही लोक हळहळतात. २०१६ मध्ये ज्या संघावर सट्टेबाजांचा पाच हजारास एक असा भाव होता, त्याला त्यांनी इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ ला, संघ सतराव्या क्रमांकावर, घसरणीपासून एका गुणावर असताना त्यांना काढलं. सहाय्यक क्रेग शेक्सपिअर यांनी सूत्रं घेतली आणि लीगचे पहिले पाचही सामने जिंकले. संघ बाराव्या क्रमांकावर राहिला. निर्णय बरोबर ठरला, असं तेव्हा म्हटलं गेलं. मग त्या शेक्सपिअर यांनाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, नव्या हंगामाच्या आठ सामन्यांनंतर काढलं. माझं मत असं, की फेब्रुवारीतला निर्णय क्लब वाचवण्यापुरता समजण्यासारखा होता. पण रानिएरी यांनी ती वागणूक कमावली होती असं म्हणता येत नाही. "क्लबला गरज होती" आणि "त्या माणसाची लायकी तेवढीच होती" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बैठकीत पहिलं सिद्ध करून दुसरं गळ्यात मारलं जातं.

मग मॅनेजरला काढणं कधी रास्त असतं? असतं, आणि अनेकदा असतं.

एकाच प्रकारचा गोल पुन्हा पुन्हा खाल्ला जात असेल तर ती कोचची जबाबदारी. कॉर्नरवर जवळच्या खांबापाशी चेंडू येतो, पहिला बचावपटू जागचा हलत नाही, मागून धावत येणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि डोक्याने चेंडू आत. हे एकदा झालं तर चूक, तीन सामन्यांत चारदा झालं तर सरावच झालेला नाही. कॉर्नरच्या बचावाला खेळाडूंची प्रतिभा लागत नाही. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कोणाला धरायचं, चेंडू बाहेर निघाल्यावर कोणी पुढे पळायचं, हे आठवड्यातून वीस मिनिटं घोटलं तर महिन्याभरात फरक दिसतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत संघ सतत कोसळत असेल, तर दमसास किंवा खेळाडू बदलण्याची वेळ चुकतेय. तेही कोचच्या हातातलं आहे.

दुसरं कारण ड्रेसिंगरूमचं. ते गुणतक्त्यात दिसत नाही, मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. आपल्या हातून चेंडू गेल्यावर पुढचे खेळाडू मागे पळतात की कमरेवर हात ठेवून उभे राहतात? बदली खेळाडूला तयार व्हायला सांगितल्यावर तो ताबडतोब उठतो की बुटाची नाडी बांधत बसतो? बाहेर बोलावलेला खेळाडू कोचकडे बघतो का? एखादा खेळाडू असं करत असेल तर तो त्याचा प्रश्न, पण अकरातले सहा-सात करत असतील तर कोचचा शब्द संपलेला असतो. तो परत मिळवता येतो असं मी फारच क्वचित पाहिलंय. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. एकाच संघात मराठी, कन्नड, कोंकणी आणि दखनी बोलणारी मुलं असतात. मध्यंतरातलं बोलणं निम्म्या मुलांपर्यंत पोचत नसेल तर चांगला डावही वाया जातो. चांगला कोच महत्त्वाचे आठ-दहा शब्द सगळ्यांसाठी एकच ठरवून घेतो.

तिसरं कारण संचालकांशी बिनसण्याचं, आणि त्यात खेळाचा काही संबंधच नसतो. आपल्या शेजारचं उदाहरण एफसी गोवाचं. सर्जिओ लोबेरा यांना ३१ जानेवारी २०२० ला काढलं तेव्हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात पहिला होता. उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली खेळून संघाने साखळीत पहिला क्रमांक राखला आणि त्यासाठी मिळणारी लीगची ढाल जिंकली. लोबेरा पुढच्याच हंगामात मुंबई सिटीला गेले आणि तिथे ढाल आणि बाद फेरीनंतरचा चषक दोन्ही जिंकले. म्हणजे माणूस चांगला होता आणि त्याच्याविना संघही चालला. अशा वेळी कोण बरोबर हा प्रश्नच निरर्थक ठरतो. दोघांचं एकत्र नांदणं संपलं होतं, एवढंच. स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे कोच युलेन लोपेतेगी यांना २०१८ च्या विश्वचषकातल्या स्पेनच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी काढलं. त्यांच्या हाताखाली स्पेन वीस सामने अपराजित होता. पण स्पर्धा तोंडावर असताना त्यांनी रेआल माद्रिद या क्लबशी केलेला करार जाहीर झाला होता.

आणि चौथं कारण रास्त नसतं, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं तेच: नेमणाऱ्यांची चूक नेमलेल्याच्या माथी मारणं. टेन हाग यांचंच बघा. २०२३-२४ मध्ये युनायटेड आठवं आलं, मे महिन्यात एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, जुलैमध्ये क्लबने त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस नऊ सामन्यांनंतर काढलं. संघ चौदावा होता. जुलैत ज्याच्यावर विश्वास होता तो नऊ सामन्यांत नालायक झाला, की जुलैतला निर्णयच धड विचार न करता घेतला होता? नव्या मॅनेजरबरोबर तोच संघ हंगामाअखेर पंधरावा आला. टॉटनहॅमने अँजे पोस्टेकोग्लू यांना जून २०२५ मध्ये, युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपीय स्पर्धा) जिंकून दिल्यावर सोळाच दिवसांनी काढलं. लीगमध्ये संघ सतरावा आला होता आणि ३८ पैकी २२ सामने हरला होता, त्यामुळे त्या निर्णयाला मी अन्याय म्हणणार नाही. बावीस पराभव हे तीन पराभवांसारखे नशिबावर ढकलता येत नाहीत. एका करंडकाने हंगामभराचा हिशोब झाकता येत नाही, तसा एका पराभवाने तो उघडाही पडत नाही.

थोडक्यात इथवरचं: निकालांआधी संधी मोजा, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या चुका वेगळ्या काढा, खेळाडूंचं वागणं बघा आणि मग स्वतःला विचारा की हा माणूस आपण कशासाठी नेमला होता.

आता तुमच्या मंडळाकडे येऊ. गावच्या किंवा गल्लीच्या संघाचा कोच मानधनावर, कित्येकदा फुकट काम करतो. त्याला खेळाडू निवडण्याचा अधिकार असतोच असं नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत शिफ्टला जाणारी मुलं आठवड्याला एखाद्याच सरावाला येऊ शकतात, आणि खानापूरकडून लोंढ्याच्या बाजूला राहणाऱ्यांची गाडीची वेळ ठरलेली असते. अठरांपैकी आठ मुलं सरावाला येत असतील तर अकरा जणांची रचना बसवताच येत नाही. मग सामन्यात रचना मोडली म्हणून कोचला दोष देणं म्हणजे पेरलंच नाही त्या शेताचा उतारा मागणं. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल झालेल्या मैदानावर गोलकीपरपासून छोट्या पासने खेळ बांधायचा आग्रह कोच धरत असेल, तर मात्र ती त्याची चूक. चेंडू थांबतो, समोरचा स्ट्रायकर तो उचलतो आणि गोल होतो. मैदान बघून खेळ बदलता येणं हे कोचचं मूलभूत काम आहे.

रविवारपर्यंत तुम्ही करू शकता असं काम सांगतो. गेल्या तीन सामन्यांत खाल्लेला प्रत्येक गोल एका वहीत एका ओळीत लिहा. कितव्या मिनिटाला झाला, चेंडू कुठून आला (कॉर्नर, फ्री किक, थ्रो, आपल्याच चुकीतून, की त्यांनी खेळून), फटका कुठून मारला, आणि त्या क्षणी आपले किती खेळाडू चेंडूच्या मागे होते. मोबाइलवर काढलेले तुकडे असतील तर उत्तम, नसतील तर गोलकीपर आणि दोन बचावपटूंना एकत्र बसवून आठवा. त्यांना बहुतेक सगळं आठवतं. शेजारच्या पानावर आपल्याला मिळालेल्या मोठ्या संधी लिहा. मोठी संधी म्हणजे पेनल्टी क्षेत्राच्या आतून, गोलसमोरून, अंगावर बचावपटू नसताना मारलेला फटका. तिसऱ्या पानावर गेल्या सहा आठवड्यांची सरावाची हजेरी.

मोठ्या संधी दोन्ही बाजूंना साधारण सारख्या निघाल्या आणि गोल वेगवेगळ्या प्रकारचे असतील, तर कोचला हात लावू नका. निम्मे गोल एकाच प्रकारचे निघाले तर वही आधी कोचसमोर ठेवा आणि यावर काय करणार ते विचारा. त्याच्याकडे नेमकं उत्तर असेल ("कॉर्नरला जवळच्या खांबावर अमक्याला उभं करतो, मंगळवारी आणि गुरुवारी वीस-वीस मिनिटं घेतो") तर चार सामने द्या. उत्तर "पोरं ऐकत नाहीत" एवढंच असेल, तर त्याला थांबवण्याचा विचार रास्त आहे. हजेरी निम्म्याहून कमी असेल तर आधी खेळाडूंचीच बैठक घ्या.

थांबवायचंच ठरलं तर रीत पाळा. त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळू देऊ नका. अध्यक्ष आणि आणखी एक जण घरी जाऊन सांगा, कारण सांगा, राहिलेलं मानधन त्याच दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी सराव कोण घेणार हे आधीच ठरलेलं असू द्या, नाहीतर पुढचे दोन आठवडे मुलं नुसती दोन गोलांमध्ये खेळत बसतात. स्पर्धा चालू असताना बदल शक्यतो टाळा. नवा कोच दोन सरावांत फक्त उत्साह आणू शकतो, रचना नाही.

पुढच्या नेमणुकीच्या वेळी एक कागद करा. व्यावसायिक क्लबांसाठी फिफाने (फुटबॉलच्या जागतिक संघटनेने) १ जानेवारी २०२१ पासून प्रशिक्षकांच्या करारांचे वेगळे नियम केलेत. रास्त कारणाशिवाय काढलं तर कराराची उरलेली रक्कम द्यावी लागते, आणि त्याला मधल्या काळात दुसरी नोकरी मिळाली तर तिचं वेतन त्यातून वजा होतं. मंडळाला एवढं लागत नाही. अर्ध्या पानावर मुदत, मानधन, संघ कोण निवडणार, आठवड्याला किती सराव, पहिला आढावा किती सामन्यांनी आणि थांबवायचं झाल्यास किती दिवस आधी सांगायचं, हे सहा मुद्दे पुरतात. आढावा दहा सामन्यांच्या आत नको. त्याहून आधी घेतला तर तुम्ही नशीब मोजत असता.

एक गोष्ट प्रश्नात आलेली नाही: हे तीन पराभव कोणत्या संघांकडून झाले? दोन संघ गोव्याचे किंवा कोल्हापूरच्या पेठांतले, रोज सराव करणारे असतील तर हिशोबच बदलतो. ते आणि वहीतली गोलांची पानं कळवा, मग त्या कॉर्नरच्या बचावात कोणाला कुठे उभं करायचं तेही सांगता येईल.